गणितवेड्या नातवाला कोणतं पुस्तक द्यावं?



या सदरात आम्ही बहुतेक वेळा साखर, रक्तदाब, गुडघे आणि विसरभोळेपणा यांवर लिहितो. या खेपेचा विषय निराळा आहे. घरात एखादं लहान मूल आकड्यांनी वेडं झालेलं असतं. पाच-सहा वर्षांचं पोर जिना चढताना पायऱ्या मोजतं, मग दोन-दोनने मोजतं, मग विचारतं की तीन-तीनने मोजल्या तर शेवटी एक उरते ती का? आजी-आजोबांचा ऊर भरून येतो. वाढदिवस जवळ आला की प्रश्न पडतो, याला कोणतं पुस्तक आणावं? आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी आम्हांला हे विचारलं आहे. शिवाय तीन-चार महिन्यांपूर्वी हाच प्रश्न दुक्महून आला, तेव्हा लिहायचं ठरवलंच.

दुक्म कुठे? ओमानच्या अल् वुस्ता प्रांतात, अरबी समुद्राच्या काठी. म्हणजे आपल्या अलिबाग-रेवदंड्याचा जो समुद्र, त्याचाच पलीकडचा किनारा. एके काळी ही कोळ्यांची लहानशी वस्ती होती. २०११ साली तिथे खास आर्थिक क्षेत्र जाहीर झालं. जहाजदुरुस्तीची गोदी आली, बंदर आलं. २०२४ साली मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्याचं उद्घाटन झालं. दिवसाला २ लाख ३० हजार पिंपं कच्चं तेल शुद्ध करण्याची त्याची ताकद आहे. अशा ठिकाणी कामाला माणसं हवीत, आणि जिथे काम तिथे आपला मराठी माणूस पोचतोच.

मुंबईत नर्सिंग शिकताना आमच्याबरोबर असलेली एक मैत्रीण आता ठाण्याला राहते. तिचा जावई दुक्मला गोदीत इंजिनियर आहे. मुलगी, दहा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू तिथेच असतात. मस्कत तिथून साडेपाचशे किलोमीटर. पुस्तकं चाळून निवडायची तर तेवढा वाळवंटी रस्ता तुडवायचा, नाहीतर ठाण्याच्या आजीने बॅगेतून न्यायची. म्हणून "कोणती नेऊ?" हा प्रश्न तिला खरंच पडला होता. चार पुस्तकांचं वजन म्हणजे दोन किलो लोणचं-पापड कमी!

नातू गणितात फार पुढचा. शाळेत वीस गणितं दिली की पाच मिनिटांत करून बसतो. मग बाईंनी काय करावं? आणखी वीस, त्याच जातीची. तीही झाली की "आता गप्प बस". घरी त्याने बापाला विचारलं, "बाबा, शेवटची मूळ संख्या कुठली?" मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही ती: २, ३, ५, ७, ११, १३. बाप म्हणाला, "मोठा झालास की कळेल." पण मनातून त्याला इतका आनंद झाला, की त्याने सहावी, सातवी, आठवीची जाडजूड सरावपुस्तकं मागवली. रोज संध्याकाळी दहा पानं. पाहुणे आले की पोराला पुढे उभं करायचं आणि विचारायचं, "सांग, सत्तेचाळीस गुणिले एकोणीस किती?"

महिनाभराने मैत्रिणीचा फोन आला. "अगं, पोराच्या पोटात दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, सगळं तपासलं. ते म्हणतात, काही नाही."

आम्ही एकच विचारलं, "कोणत्या वेळी दुखतं?"

तिने लेकीला विचारून दोन दिवसांनी सांगितलं. संध्याकाळी, पुस्तकं काढायच्या सुमारास. शुक्रवारी आणि शनिवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, बाप समुद्रावर नेतो तेव्हा दुखत नाही.

लहान मुलाच्या पोटात दुखलं तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, हा आमचा पहिला नियम, आणि तो त्यांनी पाळला होता. पण वॉर्डात इतकी वर्षं मुलं पाहिल्यावर एक गोष्ट आम्हांला ठाऊक आहे. पोर "मला नको" असं म्हणू शकत नाही, तेव्हा त्याचं पोट बोलतं. आणि या घरात आणखी एक जीव दुखत होता. दहा वर्षांची बहीण. ती आजीला म्हणाली होती, "मी ढ आहे ना, म्हणून माझ्यासाठी पुस्तकं येत नाहीत." म्हणजे एकाच खोक्यातून आलेल्या पुस्तकांनी दोन मुलं कष्टी झाली, आणि आणणारा बाप मात्र अगदी मायेने आणत होता.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. लहान मुलाला औषध देताना नुसतं वय बघत नाहीत. वजन बघतात, दर किलोला किती ते बघून मात्रा काढतात, आणि दिल्यावर मुलाकडे लक्ष ठेवतात. सात वर्षांची दोन मुलं असली तरी मात्रा वेगळी असू शकते. मोठ्यांची गोळी जास्त गुणकारी म्हणून लहानाला कोणी देत नाही. पुस्तकाचंही तसंच आहे. पुस्तक वयाचं नको, इयत्तेचं नको, बापाच्या हौसेचं तर नकोच. ते मुलाच्या मापाचं हवं.

माप कसं घ्यावं? आम्ही मैत्रिणीला साधी युक्ती सांगितली. पुस्तक मधोमध उघडा. तिथली पाच गणितं मुलापुढे ठेवा आणि घड्याळ लपवून ठेवा. पाचही झटकन झाली तर पुस्तक हलकं. एकही कळलं नाही तर जड. दोन-तीन सुटली, एक चुकलं, आणि एक असं निघालं की पोर जेवताना मध्येच म्हणालं, "थांब, थांब, मला कळलं!", तर ते पुस्तक त्याचं. सहा महिन्यांनी पुन्हा माप घ्यावं, कारण मुलं वाढतात, चपला जशा आखूड होतात तशी पुस्तकंही होतात.

यात एक मोठी चूकभूल लोकांची होते. हुशार मुलाला पुढच्या इयत्तेचं पुस्तक दिलं की झालं, असं वाटतं. पण आठवीच्या सरावपुस्तकात तरी काय असतं? तीच रीत वीस वेळा, फक्त आकडे मोठे. शाळेतल्या कंटाळ्याच्या जागी घरी आठवीचा कंटाळा आला, एवढंच. अशा मुलाला लांब धावायला नको असतं, खोल खणायला हवं असतं. बेरीज-वजाबाकीच्याच जमिनीत खोल विहीर लागते.

याचं आपल्या घरच्या मातीतलं उदाहरण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड सतत चाले. ठाण्याला शाळा, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. आयुष्यभर त्यांनी आकड्यांशी खेळण्यात आनंद मानला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक शोध सांगितला. तो करायला तिसरीतली वजाबाकी पुरते.

मुलांनो, वही घ्या. चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा: ५४३२. मग लहानाकडून मोठ्याकडे: २३४५. वजा करा: ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ ला तेच करा: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वरच येऊन थांबते. जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगात त्यांचं नाव झालं. १९८६ साली ते वारले.

दुक्मच्या पोराला आम्ही आधी पुस्तक सुचवलंच नाही. हा खेळ फोनवर सांगितला. त्याने तीन वजाबाक्या केल्या, मग आणखी एक संख्या घेतली, मग आणखी एक. अर्धी वही भरली. कोणी दहा पानं सांगितली नव्हती. बहिणीलाही वजाबाकी येतच होती, तीही बसली. कोणाची संख्या जास्त पावलं घेते याची दोघांनी पैज लावली. त्या दिवशी पोट दुखलं नाही, असं नंतर कळलं.

आता पुस्तकांकडे येऊ. आम्ही काही गणिताच्या प्राध्यापक नव्हे. पण जी आम्हांला माहीत आहेत आणि मुलांच्या हातात टिकलेली दिसली तेवढीच सांगतो.

घरात मराठी बोलत असाल तर सुरुवात डॉ. मंगला नारळीकरांच्या "गणितगप्पा" पासून करावी. बाई स्वतः गणितज्ञ, पण लिहिणं घरातल्या मावशीसारखं. मूल मराठी वाचत नसेल तर आजी-आजोबांनी वाचून दाखवावं, तेवढंच आपलं मराठीही कानावर पडतं. बाई १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात गेल्या. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीत "बावीस" ऐवजी "वीस दोन" असंही वाचायचं आलं, त्यावरून महाराष्ट्रात किती गदारोळ झाला! तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख म्हणून मुलांना सोपं जावं हीच बाजू बाईंनी शांतपणे मांडली. आपल्याला इथे ते लगेच समजेल. हिब्रूत आपण "एस्रिम ऊश्तायिम" म्हणतो, म्हणजे वीस आणि दोन. अरबीत उलट, आधी दोन, मग वीस, आपल्या बावीससारखं. दुक्मचं पोर घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर अरबी ऐकतं, तेव्हा त्याला हा प्रश्नच एक छान कोडं म्हणून द्यावा.

दुसरं, याकोव पेरेलमान यांचं "फिगर्स फॉर फन". आमच्या पिढीत मॉस्कोची पुस्तकं मुंबईत फार स्वस्तात मिळत. १९९१ नंतर तो ओघ आटला, पण पेरेलमान अजून छापले जातात. हे गृहस्थ ब्यालिस्टोकच्या यहुदी घरातले, जन्म १८८२. लहान मुलांना गणित आणि विज्ञान गोडीने सांगण्यात त्यांनी जन्म घालवला. लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा मार्च १९४२ मध्ये उपासमारीने ते गेले. मुलाला पुस्तक देताना लिहिणाराची ही गोष्टही सांगावी. आठ-नऊ वर्षांपासून पुढे चालतं. लहानाला मोठ्याने निवडून एकेक कोडं घालावं.

तिसरं दुक्मला अगदी शोभणारं. "द मॅन हू काउंटेड" हे ब्राझीलच्या एका गणिताच्या मास्तरांनी मल्बा तहान या टोपणनावाने १९३८ साली लिहिलं. सगळी गोष्ट जुन्या अरबस्तानातली. तीन भाऊ, पस्तीस उंट. मोठ्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा हिस्सा. पस्तिसाचे निम्मे कसे करायचे? उंट कापायचा? मग हिशेबी प्रवासी आपल्या सोबत्याचा एक उंट त्यात घालतो. छत्तीस झाले. अठरा, बारा आणि चार. तिघेही खूश, कारण प्रत्येकाला थोडं जास्तच मिळालं. बेरीज मात्र चौतीस! दोन उंट उरतात. एक सोबत्याला परत, आणि एक हिशेबाच्या मेहनतीचा. दुक्मच्या रस्त्याला उंट आडवे येतात, गाडी थांबवावी लागते. पोराने गाडीतूनच उंट मोजून बापाला हे कोडं घातलं. बापाला दोन दिवस लागले.

चौथं, हान्स माग्नुस एन्त्सेन्सबेर्गर यांचं "द नंबर डेव्हिल". मूळ जर्मन, १९९७ चं. गणिताचा वैतागलेला रॉबर्ट नावाचा मुलगा, आणि त्याच्या स्वप्नात बारा रात्री येणारा आकड्यांचा सैतान. मूळ संख्या वगैरे सगळं यात येतं, पण लेखकाने गमतीची नावं ठेवली आहेत. ती खरी नावं नव्हेत हे मुलाला मागाहून सांगावं. गणित नकोसं झालेल्या मुलालाही हे आवडतं, म्हणून बहिणीसाठी हे तिच्या नावाने, वेगळ्या कागदात बांधून न्यायला आम्ही सांगितलं.

पाचवं, अमेरिकेतलं "बीस्ट अकॅडमी", २०१२ पासून निघत असलेलं. चित्रकथा आहे, राक्षसांची पोरं गणित शिकतात. एक गोष्टीचं पुस्तक आणि एक सरावाचं, अशी जोडी. इयत्ता साध्या, पण प्रश्न खोल, त्यामुळे दुसरी-तिसरीच्या वयात पुरून उरतं. किंमत जास्त आहे, सगळी एकदम घेऊ नयेत. माप घेऊन एक घ्यावं.

दोन पुस्तकं मुलांसाठी नव्हे, आईबापांसाठी. अलेक्सांद्र झ्वोन्किन हे मॉस्कोचे गणितज्ञ. १९८० च्या दशकात त्यांनी आपल्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना घरी जमवून गणिताचे खेळ घेतले आणि डायरी ठेवली. इंग्रजीत ती "मॅथ फ्रॉम थ्री टू सेव्हन" नावाने २०११ साली आली. कोणता खेळ फसला हेही त्यांनी लिहून ठेवलंय, म्हणून वाचणाऱ्याला धीर येतो. दुसरं आपल्या इथलंच. तेखनियोनचे प्राध्यापक रॉन अहरोनी हे मोठे गणितज्ञ असून मआलोतला प्राथमिक शाळेत शिकवायला गेले, आणि त्या अनुभवावर त्यांनी पालकांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. हिब्रूत आहेच, इंग्रजीत "अरिथमेटिक फॉर पेरेंट्स" म्हणून २००७ साली आलं. त्यांचं सांगणं असं की गणित थरावर थर चढतं, मधला एक थर राहिला तर वरचा डळमळतो. हुशार मूल थर उड्या मारून जातं तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून त्याला "उत्तर बरोबर" एवढ्यावर सोडू नये, "कसं काढलंस ते मला शिकव" म्हणावं.

पैसा नसेल, बॅगेत जागा नसेल, तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. हे आयआयटी कानपूरचे इंजिनियर. कचऱ्यातून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवण्यात त्यांनी उमर घालवली. दुक्मसारख्या ठिकाणी हा मोठा आधार.

जड पुस्तक कधीच देऊ नये असं मात्र आमचं म्हणणं नाही. श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास लोनी यांची त्रिकोणमिती आली, ती त्यांनी पचवली. १९०३ साली कार यांचं एक पुस्तक हाती आलं, त्यात जवळजवळ पाच हजार सूत्रं, सिद्धता जेमतेम. त्या पुस्तकाने त्यांचं आयुष्य पेटलं. पण ते त्यांना कोणी दहा पानं रोज म्हणून लादलं नव्हतं, त्यांनी स्वतः धरलं होतं. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच नादात बाकीचे विषय राहिले, कुंभकोणमच्या कॉलेजात शिष्यवृत्ती गेली, आणि पुढची कित्येक वर्षं फार ओढाताणीची गेली. तेव्हा मुलाने स्वतः जड पुस्तक उचललं तर काढून घेऊ नये. पण जेवण, झोप, खेळ, भाषा आणि मित्र यांवर आपलं लक्ष असावं.

आता आपण म्हाताऱ्यांनी काय द्यावं? पुस्तकात नाही असं पुष्कळ आपल्याकडे आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी! आपल्यातले किती जण अजून धडाधड म्हणतील? औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या पोराला सांगितलं तर ते डोळे विस्फारतं. १९५७ साली भारतात नवे पैसे आले, पण आमच्या घरात मोठी माणसं कितीतरी दिवस आण्यांतच बोलत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. हे अपूर्णांकच आहेत, फक्त त्यांना बाजाराचा वास आहे. दुक्मच्या पोराकडे तर आयतं साधन आहे. ओमानी रियालचे हजार बैसा होतात, म्हणून भावाच्या पाटीवर दशांशचिन्हापुढे तीन आकडे असतात. बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत मस्कतमध्ये रुपयाच चालत असे. ०.२५० रियाल म्हणजे पाव, ०.७५० म्हणजे पाऊण, १.५०० म्हणजे दीड. आजीने फोनवर पावकी म्हणावी आणि पोराने दुकानात बैसा मोजावे, हे कोणत्या सरावपुस्तकात मिळेल?

तिथल्या पाट्यांवरचे अरबी आकडेही मजेचे. आपलं गोल शून्य दिसतं तसा त्यांचा पाच, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. लिपी उजवीकडून डावीकडे, पण संख्या डावीकडून, आपल्या हिब्रूसारखीच. पोराने मोटारींचे नंबर मराठीत लिहून आजीला पाठवायला सुरुवात केली आहे.

आणखी चार गोष्टी सांगून आवरतो.

पाहुण्यांपुढे मुलाला उभं करू नका. त्याला वाटतं, माझं उत्तर आवडतं म्हणून मी आवडतो. एक दिवस उत्तर चुकलं की ते घाबरतं.

वेळ लावू नका. झटपट हिशेब हा एक गुण आहे, पण गणित म्हणजे तेवढंच नव्हे. कापरेकर वर्षानुवर्षं एकाच आकड्याशी बसत.

भावंडांत तुलना करू नका. एकाला पुस्तक आणलं तर दुसऱ्यालाही त्याच्या आवडीचं आणा, मग ते चित्रांचं असो की पाककृतींचं.

आणि उत्तर ठाऊक नसेल तर "मोठा झालास की कळेल" म्हणू नका. "मलाही ठाऊक नाही, चल शोधू" म्हणा. शेवटच्या मूळ संख्येचं उत्तर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी युक्लिडने देऊन ठेवलंय. शेवटची अशी नसतेच. समजा २, ३ आणि ५ एवढ्याच आहेत असं कोणी म्हणालं. तिघांचा गुणाकार करा, ३०. एक मिळवा, ३१. याला २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ५ ने नाही, दर वेळी एक उरतो. म्हणजे यादीबाहेर काहीतरी आहेच. यादी कितीही लांब करा, हेच होतं. सात वर्षांच्या मुलाला हे कळतं. बापाने मोठं होईपर्यंत थांबवलं असतं, तर एक सुंदर गोष्ट त्याच्या हातून कित्येक वर्षं लांबली असती.

दुक्मला आता सहावी-सातवी-आठवीची पुस्तकं वरच्या फळीवर आहेत. लागतील तेव्हा पोर स्वतः खुर्ची लावून काढील. शाळेत अजून तीच वीस गणितं असतात, ते काही बदललेलं नाही. पण ती संपली की स्वतःची वही काढायला बाईंनी परवानगी दिली आहे. जावयानेही एक केलं. संध्याकाळी दहा पानांऐवजी एक कोडं, आणि तेही तो पोराच्या शेजारी बसून सोडवतो, समोर बसून नव्हे. आम्हांला विचाराल तर कोणत्याही पुस्तकाहून हे औषध गुणकारी.

आता मुलांसाठी तीन कोडी. मराठी वाचता येत नसेल तर आजोबांकडून वाचून घ्या.

पहिलं, लहानांसाठी: १ ते ५० मध्ये मूळ संख्या किती? सगळे आकडे लिहा. १ खोडा. २ ठेवून दोनाच्या पाढ्यातले पुढचे खोडा. मग तसंच ३, ५ आणि ७ चं करा. उरले ते मोजा.

दुसरं, मधल्यांसाठी: कापरेकरांचा खेळ तीन आकड्यांनी करा. तीनही अंक सारखे नकोत, आणि पुढे शून्य आलं तर टाकू नका. शेवटी कोणत्या संख्येवर थांबता?

तिसरं, मोठ्यांसाठी, आमच्या वॉर्डातलं: ५०० मिलिलिटर सलाईन ४ तास १० मिनिटांत संपवायचं आहे. एका मिलिलिटरचे १५ थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब ठेवाल?

उत्तरं पुढल्या अंकी. पण उत्तराबरोबर कसं काढलं तेही लिहून पाठवा, नुसता आकडा चालणार नाही. आजी-आजोबांनी मदत केली तरी हरकत नाही, फक्त पेन्सिल पोराच्या हातात असू द्या.